बसवण्णांची चार स्थलांतरं

रोज आपण एक वचन घेतो आणि त्यावर थोडं थांबतो. आज वचन नाही, वचनकाराचं आयुष्यच घेतोय. नोकरी बदलणं, बिऱ्हाड हलवणं, शहर सोडून गावाकडे येणं हे आपल्याच पिढीच्या नशिबी आलंय असं आपल्याला वाटतं. बसवण्णांचं चरित्र या नजरेने वाचलं की हा गैरसमज जातो. इ. स. 1131 ते 1167 हा त्यांचा काळ सर्वसाधारणपणे मानला जातो (काही अभ्यासक जन्म 1105 चा धरतात). तेवढ्यात त्यांनी चार वेळा मुक्काम हलवला. एकही हलवणं सोपं नव्हतं.

पहिलं स्थलांतर बागेवाडीहून. वडील मादरस, आई मादलांबिका, गावात मानाचं शैव ब्राह्मण घर. मुंजीची वेळ आली तेव्हा मुलाने नकार दिला. परंपरा सांगते की थोरल्या बहिणीला, अक्कनागम्मांना, जे मिळत नाही ते मला का, हा त्याचा प्रश्न होता. उत्तर मिळालं नाही आणि त्याने घर सोडलं. गेला तो कूडलसंगमला, कृष्णा आणि मलप्रभा जिथे भेटतात तिथे. जातवेद मुनींकडे शिक्षण झालं, संगमनाथाची सेवा सुरू झाली. इथे त्याला घर मिळालं. पुढे प्रत्येक वचनाखाली त्यांनी याच कूडलसंगमदेवाची नाममुद्रा घातली.

दुसरं स्थलांतर नोकरीसाठी, आणि ते आपल्या सोलापूर जिल्ह्यातलं. मंगळवेढा तेव्हा कलचुरी बिज्जळाचं ठाणं होतं. हरिहर कवीने लिहिलेल्या चरित्रात हा प्रसंग फार सुंदर आलाय. संगमनाथ स्वप्नात येऊन सांगतो, मंगळवेढ्याला जा. बसवण्णा उठतात ते आक्रोश करतच. ज्याच्यासाठी घर सोडलं तोच आता दूर पाठवतोय, हे त्यांना सहन होत नाही. मग पुन्हा स्वप्न पडतं आणि दुसऱ्या दिवशी देवळातल्या दगडी नंदीच्या मुखातून लिंग प्रकट होऊन त्यांच्या हाती येतं.

मला या कथेतल्या दोन गोष्टी धरून ठेवाव्याशा वाटतात. एक म्हणजे बसवण्णा रडले. बदल आला की लगेच हसतमुखाने सगळं छान आहे म्हणायचं, याला आपण पॉझिटिव्ह राहणं म्हणतो. चरित्रकाराला मात्र त्यांचं रडणं लपवावंसं वाटलं नाही. दुसरी गोष्ट, त्यांना हुकूम मागे घेऊन मिळाला नाही. जावं तर लागलंच. मिळालं ते सोबत नेता येईल असं काहीतरी. देऊळ नदीकाठी राहिलं, देव तळहातावर मावला. गळ्यात इष्टलिंग असण्याचा अर्थ मला तेव्हा कळला, जेव्हा मी हे घर बदलण्याच्या बाजूने वाचलं.

मंगळवेढ्यात ते थेट मंत्री झाले नाहीत. सुरुवात हिशेबनिसाची, म्हणजे करणिकाची. जमाखर्च लिहायचा, आकडे जुळवायचे. कामातल्या चोखपणामुळे हळूहळू खजिन्याची जबाबदारी आली. गंगांबिका आणि नीलांबिका यांच्याशी संसार झाला. आज मंगळवेढा म्हटलं की आपल्याला दामाजीपंत, चोखोबा आणि ज्वारी आठवते. त्या यादीत हा हिशेबनीसही असायला हवा.

तिसरं स्थलांतर प्रमोशनचं. बिज्जळाने चालुक्यांना बाजूला सारून सत्ता घेतली आणि राज्याचं केंद्र कल्याणला गेलं, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणला. बसवण्णाही गेले. आता पद मोठं, अधिकार मोठा आणि मत्सरही मोठा. खजिन्यातला पैसा शरणांवर उधळतो, अशी चुगली राजाकडे गेली. हिशेब तपासला तेव्हा तो बरोबर निघाला, असं चरित्रं सांगतात.

त्यांनी त्या पदाचा उपयोग काय केला? अनुभव मंटप उभा राहिला. अल्लमप्रभू त्याचे अध्यक्ष. तिथे धोबीकाम करणारे माचीदेव, नाव चालवणारे चौडय्या, दोर वळणारे नुलिय चंदय्या, सगळे एका पातळीवर बसून बोलत. आपल्या सोलापूरचे सिद्धरामेश्वर, ज्यांनी तळं खोदवलं, तेही अल्लमप्रभूंमुळे तिथे पोचले. सांडलेले तांदूळ वेचून आणणाऱ्या मारय्यांनी एक दिवस गरजेपेक्षा जास्त आणले, तर पत्नी लक्कम्मांनी ते परत टाकून यायला लावलं. पॅकेजच्या गप्पा मारताना मला ही बाई हमखास आठवते.

या सगळ्यांना बांधणारा शब्द होता कायक. पोटासाठी केलेलं प्रामाणिक काम हीच पूजा, आणि त्यातून उरेल ते दासोहाला. इथे पदनाम येत नाही. दोर वळणं आणि राज्याचा खजिना सांभाळणं, दोन्ही कायकच. म्हणून हिशेबनीस बसवण्णा आणि मंत्री बसवण्णा यांच्यात त्यांच्या लेखी फरक पडला नसावा.

मग चौथं स्थलांतर. चर्मकार हरळय्यांचा मुलगा आणि ब्राह्मण मधुवरसांची मुलगी यांचं लग्न झालं. दोन्ही घरं शरणांची, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने जात उरलीच नव्हती. राज्याच्या दृष्टीने उरली होती. दोन्ही बापांना क्रूर देहदंड झाला. कल्याण पेटलं, बिज्जळाचा खून झाला, शरण वचनांची पोथ्या-पानं घेऊन पांगले. चन्नबसवण्णा आणि इतर शरण उळवीच्या जंगलाकडे गेले. बसवण्णा पद सोडून कूडलसंगमला परतले आणि तिथेच 1167 च्या सुमारास लिंगैक्य झाले.

इथे थांबून नीट बघायला हवं. करिअरच्या भाषेत हा शेवट अपयशाचा आहे. राजधानीतून नदीकाठच्या गावात, मंत्रिपदावरून काहीच नाही. माणसं मारली गेली, उभी केलेली संस्था मोडली. शेवटी सगळं चांगलं होतं, असं हे चरित्र सांगत नाही. ते इतकंच दाखवतं की बागेवाडीतला प्रश्न त्यांनी कल्याणमध्येही बदलला नाही, आणि मंगळवेढ्याला जाताना हाती घेतलेलं लिंग परततानाही हातातच होतं.

मी कोड लिहून पोट भरतो. तीन वर्षांत दोन नोकऱ्या बदलल्यावर आम्ही पुण्यातलं बिऱ्हाड आवरून होटगीला आलो. आई खूश, बायको बरेच दिवस गप्प, आणि मुलगी वैतागलेली, कारण शेजारची पोरं कन्नडमध्ये खेळायची. लाईट गेली की मीटिंग अर्ध्यात तुटते. मी घरात कोणाला आनंदी राहा म्हणत नाही. संध्याकाळी सगळे एकत्र पूजेला बसतो, लिंग डाव्या तळहातावर घेतो, आणि नंतर प्रत्येकाने त्या दिवशी केलेलं एक काम सांगायचं. मुलगी परवा म्हणाली, तिने तीन नवे कन्नड शब्द शिकले. बायकोने सांगितलं, तिने आज कोणावर चिडायचं टाळलं. हेही कायकच, असं आईचं मत पडलं.

तुमचंही सामान सध्या खोक्यांत असेल, तर पूजेचं खोकं सगळ्यात आधी उघडा. बाकीचं हळूहळू लागेल.

आणि कधी जमलं तर संगमाला जाऊन या. आमच्या होटगी जंक्शनवरून एक फाटा वाडीकडे जातो, दुसरा विजयपूरकडे. दुसऱ्या फाट्यावरच्या गाडीत बसलात की वाटेत बसवन बागेवाडीचं स्टेशन येतं, पुढे अलमट्टीला उतरून संगम गाठता येतो. नारायणपूर धरणाचं पाणी आता समाधीच्या चहूबाजूंनी पसरलंय. ऐक्य मंटप बुडू नये म्हणून भोवती विहिरीसारखी भिंत बांधलीय. पायऱ्या उतरून खाली जायचं आणि थोडा वेळ शांत बसायचं.

शरणु शरणार्थी.