दाढ कशी भरायची हे जगाला शिकवणारे डॉ. ब्लॅक

कुंकवासाठी प्रसिद्ध असलेल्या केममध्ये (ता. करमाळा) आज कुणाची दाढ किडली, तर डॉक्टर खड्डा बघून 'क्लास वन' किंवा 'क्लास टू' असं काहीतरी लिहितील. ही वर्गवारी अमेरिकेतल्या ग्रीन वर्डिमन ब्लॅक यांची. त्यांना जाऊन शंभराहून जास्त वर्षं झाली.

ब्लॅक यांचा जन्म १८३६ चा, इलिनॉयमधला. शेतावर वाढले, शाळा जेमतेम. सतराव्या वर्षी डॉक्टर भावाच्या हाताखाली गेले, मग एका दंतवैद्याकडे काही महिने उमेदवारी केली. दंतवैद्यकाचं शिक्षण एवढंच! पुढे शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या डेंटल कॉलेजचे ते डीन झाले.

त्या काळी कीड टोकरून खड्ड्यात धातू ठासायचे. बऱ्याचदा तो निखळायचा, कडेने पुन्हा कीड लागायची आणि शेवटी दात उपटावा लागायचा. ब्लॅक यांनी आधी दाताचा आकारच अभ्यासला. प्रत्येक उंचवटा, प्रत्येक खाच नोंदवून १८९० मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं.

आकाराला एवढं महत्त्व का? दाढेच्या खाचांत अन्न अडकतं, कीड तिथूनच सुरू होते. भरलेली दाढ शेजारच्या दाताला नीट टेकली नाही, तर फटीत रोज मटणाचा धागा नाहीतर मेथीची काडी अडकते आणि हिरडी सुजते. भराव उंच राहिला, तर चावताना दाढ ठणकते. शिवाय चांदीचा भराव दाताला चिकटत नाही, खड्ड्याच्या आकारामुळेच तो धरून राहतो. म्हणून ब्लॅक यांनी सपाट तळाचा, पेटीसारखा खड्डा कोरायला शिकवलं. भराव किती फुगतो, किती आकसतो, हेही मोजलं.

पुन्हा कीड लागू नये म्हणून ते आजूबाजूच्या निरोगी खाचाही कोरायला सांगत. आज हे पटत नाही, कारण आताचं कंपोझिट दाताला चिकटतं आणि कमी कोरून भागतं. पण त्यांच्याकडे तो पर्याय नव्हता.

उतारवयात, १९०९ पासून, ते कोलोरॅडोतल्या लोकांच्या तपकिरी डागाळलेल्या दातांमागे लागले. हे दात दिसायला वाईट, पण किडत कमी! कारण सापडण्याआधीच, १९१५ मध्ये ते वारले. पाण्यातल्या फ्लोराइडमुळे हे होतं, हे १९३१ मध्ये कळलं. आपल्याकडे यवतमाळ, नांदेड भागातल्या काही गावांत बोअरच्या पाण्याने असेच दात डागाळतात.