परदेशी कॅमेऱ्याची वाट न बघता कोल्हापूरच्या बाबुराव पेंटरांनी स्वतःच कॅमेरा बनवला होता

वाकडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात छोटं वर्कशॉप चालवणाऱ्या माणसाला एक प्रश्न कधी ना कधी पडतोच. दुसऱ्यांचे सुटे भाग करत राहायचं, की हिंमत करून स्वतःचं मशीन काढायचं?

कॅमेऱ्याच्या धंद्यात छोट्या कंपन्यांपुढे हाच प्रश्न फुल फ्रेमच्या रूपाने येतो. फुल फ्रेम म्हणजे साधारण 36 बाय 24 मिमीचा सेन्सर. हे माप आलं 35 मिमीच्या सिनेफिल्मवरून. आणि त्या फिल्मवर चालणारा कॅमेरा शंभर वर्षांपूर्वी कोल्हापुरात एका पेंटरने तयार केला होता.

त्यांचं नाव बाबुराव कृष्णराव मिस्त्री, म्हणजेच कलामहर्षी बाबुराव पेंटर.

जन्म 3 जून 1890, कोल्हापूर. शाळा फारशी झाली नाही, पण घरातच कारागिरी होती. बाबुराव आणि त्यांचे बंधू आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. त्यातूनच पेंटर हे नाव पडलं.

पुढे दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि दोघांना सिनेमाचं वेड लागलं. त्यांनी मुंबईच्या बाजारातून जुना प्रोजेक्टर आणला, खेळ लावले, यंत्र समजून घेतलं.

आता सिनेमा काढायचा तर कॅमेरा हवा. फाळक्यांनी तो इंग्लंडहून आणला होता. या भावांकडे तेवढा पैसा नव्हता, हातात कसब मात्र होतं. मग कॅमेरा घरीच करायचं ठरलं.

पण काम अर्धवट असतानाच 1916 साली आनंदराव गेले.

बाबुरावांनी काम सोडलं नाही. शिष्य विष्णुपंत दामले यांना सोबत घेऊन त्यांनी 1918 मध्ये कॅमेरा पूर्ण केला.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. बाबुराव कॅमेरे विकायच्या धंद्यात उतरलेच नाहीत. कॅमेरा हे त्यांच्यासाठी साधन होतं, खरा माल होता सिनेमा. मोठ्या विदेशी कंपन्यांशी कॅमेऱ्यावर टक्कर घेतली असती तर टिकाव लागणं अवघड होतं. पण पडद्यावर जे दिसायचं, त्यात त्यांच्या हाताला तोड नव्हती.

गायिका तानीबाई कागलकर यांनी भांडवल दिलं, शाहू महाराजांचा आधार मिळाला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. 1920 मध्ये पुण्याच्या आर्यन थिएटरात 'सैरंध्री' लागला. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या होत्या. कीचकवध इतका खरा वाटला की इंग्रज सरकारने त्याला कात्री लावली. लोकमान्य टिळकांनी बाबुरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली.

1923 च्या 'सिंहगड'मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाशात चित्रीकरण केलं. 1925 च्या 'सावकारी पाश'मध्ये कर्जात बुडालेला शेतकरी पडद्यावर आणला. त्या शेतकऱ्याचं काम केलं होतं व्ही. शांताराम यांनी.

मग खेळ बदलला.

1929 मध्ये दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम बाहेर पडले आणि त्यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. 1931 मध्ये 'आलम आरा' आला आणि सिनेमा बोलू लागला. बोलपटासाठी नवं यंत्र, नवा खर्च, नवी माणसं हवी होती. बाबुरावांचा जीव मुक्या चित्रात रमलेला होता. त्यांची कंपनी थांबली. तिकडे शिष्यांनी 1932 मध्ये 'अयोध्येचा राजा' हा बोलपट आणला आणि 1933 मध्ये प्रभात पुण्यात हलवली.

बाबुरावांनी नंतर 'उषा', 'प्रतिभा' असे बोलपट केले, पण आधीचा दबदबा परत आला नाही. चित्रकला आणि शिल्पकला मात्र शेवटपर्यंत सुटली नाही. 16 जानेवारी 1954 रोजी त्यांचं निधन झालं.

मग छोट्याने मोठ्या मैदानात उतरावं का?

बाबुरावांचं आयुष्य सांगतं, उतरावं. पण त्या यंत्रातून आपण वेगळं काय देणार, हे आधी माहीत असावं. आणि एकदा उतरल्यावर पुढचं यंत्र आलं की पुन्हा शिकायची तयारी ठेवावी. पहिली गोष्ट बाबुरावांनी करून दाखवली. दुसरी त्यांच्या शिष्यांनी.