हॉप्स मोजणारा ‘स्टुडंट’

एमडीचा प्रबंध लिहिताना निवासी डॉक्टरांची गाठ ‘स्टुडंट्स टी टेस्ट’शी पडतेच. दोन उपचारांतला फरक खरा की योगायोगाचा, हे तपासणारी ही सांख्यिकी चाचणी. विद्यार्थ्यांसाठी सोपी केलेली म्हणून हे नाव, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ‘स्टुडंट’ हे टोपणनाव आहे, आणि ते घेणारा माणूस डब्लिनच्या गिनेस कंपनीत बिअर बनवत होता.

विल्यम सीली गॉसेट यांचा जन्म १३ जून १८७६ रोजी कँटरबरीत झाला. हा केंट परगणा, हॉप्सच्या मळ्यांचा. वडील सैन्यात इंजिनीअर अधिकारी होते. मुलानेही तीच वाट धरायची, पण नजर अधू निघाली आणि सैन्य हुकलं. ऑक्सफर्डला त्यांनी गणित आणि रसायनशास्त्र केलं, दोन्हींत पहिला वर्ग मिळवला आणि १८९९ मध्ये ते गिनेसमध्ये रुजू झाले.

इथे हॉप्सबद्दल थोडं सांगायला हवं. ही एक वेल. गांजाच्या कुळातली, पण नशा आणणारी नव्हे. तिच्या शंकूसारख्या मादी फुलांत पिवळी चिकट राळ असते. सातूच्या गोड काढ्यात ही फुलं उकळली की राळेतल्या आम्लांचं रूप बदलतं आणि बिअरला कडूपणा येतो. हीच द्रव्यं बिअर आंबट करणाऱ्या अनेक जिवाणूंना वाढू देत नाहीत. कंपनी सरकारच्या काळात इंग्लंडहून मुंबई-कलकत्त्याला येणाऱ्या फिक्या बिअरमध्ये हॉप्स सढळ हाताने घालत ते यासाठीच; आफ्रिकेला वळसा घालून येणारा तो प्रवास काही महिन्यांचा असे. ‘इंडिया पेल एल’ हे नाव त्या व्यापारातून आलं. फुलांत सुगंधी तेलंही असतात, पण ती उकळताना उडून जातात. म्हणून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या पद्धतीत हॉप्स उकळून जिभेला झोंबणारा कडूपणा आणतात, तर न्यू इंग्लंड पद्धतीत बरेचसे हॉप्स शेवटी किंवा थंड बिअरमध्ये घालतात. तिला आंब्या-संत्र्यासारखा वास येतो, कडूपणा मात्र बेताचा. हॉप्स जास्त म्हणजे बिअर कडू, हे समीकरण म्हणूनच चुकतं. (ही शिफारस नव्हे. यकृताला वासाशी घेणंदेणं नसतं, फक्त अल्कोहोलशी असतं.)

गिनेसची काळी बिअरही भरपूर हॉप्सची. चांगले हॉप्स ओळखायचे कसे? रंग बघून, हातावर चोळून, वास घेऊन, ही जुनी रीत. कंपनीतले तरुण रसायनतज्ज्ञ राळेचं प्रमाण मोजू लागले. पण मोजमापं करून करून किती करणार, दहा-पंधरा. दोन ढिगांच्या सरासरीत थोडा फरक आला, तर तो खरा मानायचा की नमुन्यांचा खेळ? त्या काळचं संख्याशास्त्र शेकडो-हजारो नोंदी गृहीत धरे. हा प्रश्न घेऊन गॉसेट १९०५ मध्ये कार्ल पिअर्सन यांना भेटले आणि पुढल्या वर्षी कंपनीच्या परवानगीने त्यांच्या लंडनच्या प्रयोगशाळेत जाऊन राहिले. पिअर्सन यांना मोठ्या नमुन्यांची सवय. छोट्या नमुन्यांचं दुखणं त्यांना फारसं जाणवत नव्हतं. कारखान्यातल्या माणसाला मात्र दुसरा पर्याय नव्हता.

१९०७ मध्ये त्यांचा पहिला निबंध आला. रक्तपेशी मोजण्याची चौकटी आखलेली काच आजही आमच्या प्रयोगशाळांत असते. त्याच काचेवर गॉसेट यीस्टच्या पेशी मोजत होते आणि त्या मोजणीत किती चूक संभवते, हे त्यांनी गणिताने दाखवलं. कंपनीला आपली गुपितं बाहेर जायला नको होती, म्हणून सही ‘स्टुडंट’ अशी. १९०८ चा निबंध छोट्या नमुन्यांच्या सरासरीवर होता. पडताळ्यासाठी त्यांनी ३,००० कैद्यांच्या उंचीच्या आणि बोटाच्या लांबीच्या नोंदी पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहिल्या, पिसल्या आणि चार-चारचे ७५० गट पाडले. त्यात उदाहरण घेतलं ते हॉप्सचं नव्हे, झोपेच्या औषधांचं. दहाच रुग्ण. एका औषधाने सरासरी पाऊण तास झोप वाढली, दुसऱ्याने सुमारे दोन तास वीस मिनिटं. प्रत्येक रुग्णाची तुलना त्याच्याशीच केल्यामुळे दहा जणांवरूनही दुसरं औषध सरस असं म्हणता आलं. या निबंधाची दखल बरीच वर्षं फारशी कुणी घेतली नाही. पुढे रोनाल्ड फिशर यांनी त्याला पक्की गणिती बैठक दिली आणि त्यांच्या १९२५ च्या पुस्तकामुळे ही चाचणी सर्वत्र पोहोचली.

मला स्वतःला गॉसेट यांचं १९३१ मधलं काम सर्वांत मोलाचं वाटतं. आदल्या वर्षी स्कॉटलंडमधल्या लॅनार्कशायरच्या शाळांत सुमारे २०,००० मुलांवर दुधाचा प्रयोग झाला होता. निम्म्यांना चार महिने रोज पाऊण पिंट, म्हणजे साधारण सव्वाचारशे मिलिलिटर दूध. त्यातही निम्म्यांना कच्चं, निम्म्यांना पाश्चराइज्ड. उरलेल्यांना काही नाही. एवढी मोठी संख्या, मग शंका कसली? गॉसेट यांनी बोट ठेवलं ते निवडीवर. गट असमान वाटले तर मुलं बदलण्याची मुभा शिक्षकांना होती, आणि त्यांनी कनवाळूपणाने हडकुळ्या, गरजू मुलांना दुधाकडे सरकवलं असावं. कारण दूध न मिळालेली मुलं सुरुवातीलाच अधिक उंच आणि वजनदार होती. शिवाय मुलांचं वजन कपड्यांसकट केलं होतं. पहिलं फेब्रुवारीच्या थंडीत, दुसरं जूनमध्ये. सुखवस्तू मुलांचे जाड लोकरी कपडे उतरले, तेवढं त्यांचं वजन कमी भरलं. गरिबाच्या पोराकडे उतरवायला फारसं काही नव्हतंच. मग वाढ दुधाची किती आणि कोटांची किती? कच्चं आणि पाश्चराइज्ड दूध सारखंच, हा निष्कर्षही अशा आकड्यांवर टिकत नव्हता. त्यांनी सुचवलं की एकसारख्या जुळ्यांच्या ५० जोड्या घ्या, एकाला कच्चं द्या, दुसऱ्याला पाश्चराइज्ड. खर्च किती तरी कमी आणि उत्तर अधिक भरवशाचं.

बागकाम, सुतारकाम, होड्या बांधणं यांत रमणारा हा माणूस नोकरी सोडून विद्यापीठात गेला नाही. १९३५ मध्ये गिनेसचा नवा कारखाना उभा करायला ते लंडनला आले, १९३७ मध्ये कंपनीचे मुख्य ब्रूअर झाले आणि त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला हृदयविकाराच्या झटक्याने वारले. वय ६१. तोवर त्यांचे निबंध ‘स्टुडंट’ याच नावाने छापले जात होते.