किल्ल्यातला कैदी राज्यपाल झाला

आपल्या नगरचा भुईकोट किल्ला आपण सर्वांनी पाहिला आहे. पंडित नेहरू येथे कैदेत होते, हे आपण मुलांना अभिमानाने सांगतो. पण त्यांच्याच सोबतचा एक कैदी पुढे आपल्या राज्याचा राज्यपाल झाला, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. त्यांचे नाव हरेकृष्ण महताब.

२१ नोव्हेंबर १८९९ रोजी ओडिशातील आगरपाडा येथे त्यांचा जन्म झाला. गांधीजींच्या हाकेला ओ देऊन १९२१ मध्ये त्यांनी कॉलेज सोडले. लोकजागृतीसाठी ‘प्रजातंत्र’ हे वृत्तपत्र काढले. पुढे ते काँग्रेस कार्यकारिणीवर आले. ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत धरपकड झाली आणि नेहरू, पटेल, आझाद यांच्यासह त्यांना नगरच्या किल्ल्यात आणण्यात आले. १९४५ पर्यंत ते आत होते. पण त्यांनी ते दिवस वाया घालवले नाहीत. येथेच त्यांनी ओडिशाचा इतिहास लिहिला.

१९४६ मध्ये ते ओडिशाचे मुख्य मंत्री झाले. सरदार पटेलांच्या सोबतीने त्यांनी तेथील संस्थाने प्रांतात विलीन करून घेतली. भुवनेश्वर ही नवी राजधानी त्यांच्याच काळात उभी राहू लागली. त्यानंतर ते केंद्रात व्यापार व उद्योग मंत्री होते.

मार्च १९५५ मध्ये ते मुंबई राज्याचे राज्यपाल झाले. नगर जिल्हा त्याच राज्यात होता. म्हणजे तेरा वर्षांपूर्वी येथे कैदी म्हणून आलेला माणूस आता राज्याच्या सर्वोच्च पदी बसला होता! पण तो काळ कठीण होता. संयुक्त महाराष्ट्रासाठी लोक रस्त्यावर उतरले होते. नोव्हेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ मध्ये मुंबईत गोळीबार झाले, माणसे मेली. राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतो, गोळीबाराचा निर्णय त्याचा नसतो, हे खरे. तरी सरकार त्याच्याच नावाने चालते. ज्याने लोकांसाठी तुरुंग सोसला, त्याच्या नावाच्या सरकारने लोकांवर गोळ्या झाडाव्यात, ही गोष्ट आम्हाला आजही बोचते.

ऑक्टोबर १९५६ मध्ये त्यांनी ते पद सोडले आणि ते ओडिशात परतले. १९६१ पर्यंत ते पुन्हा मुख्य मंत्री होते. पुढे आणीबाणीला विरोध केला म्हणून पंच्याहत्तरी ओलांडलेल्या या वृद्धाला स्वतंत्र भारतातही तुरुंगात जावे लागले. १९८३ मध्ये ‘गाँ मजलिस’ या लेखनासाठी त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. २ जानेवारी १९८७ रोजी त्यांचे निधन झाले.

तुरुंग, राजभवन आणि पुन्हा तुरुंग! यापैकी काहीच कायमचे नव्हते. पद गेल्यावर माणसाजवळ काय उरते? महताबांजवळ त्यांची लेखणी आणि अन्यायाला नाही म्हणण्याची ताकद उरली होती. पुढच्या वेळी किल्ल्यात जाऊ, तेव्हा नेहरूंबरोबर त्यांचेही नाव आपण मुलांना सांगू या.