घरं पाडून किल्ले बांधणाऱ्या राजाच्या कबरीवरच जमिनीचा वाद झाला होता

इंग्लंडमधले किल्ले म्हटलं की दगडी बुरूज आठवतात. पण ज्या किल्ल्यांच्या जोरावर हा देश ताब्यात ठेवला गेला, ते बहुतांश माती आणि लाकडाचे होते. ते उभारणारा राजा म्हणजे विल्यम द कॉन्करर.

विल्यमचा जन्म १०२८ च्या आसपास फ्रान्समधल्या नॉर्मंडीत झाला. वडील रॉबर्ट तिथले ड्यूक, म्हणजे प्रांताचे सत्ताधीश. आईवडिलांचं लग्न झालेलं नसल्यामुळे विल्यमला अनौरस म्हणून हिणवलं जायचं. १०३५ मध्ये वडील वारले आणि सात-आठ वर्षांचा विल्यम गादीवर आला.

गादीवर पोर बघून सरदार मोकाट सुटले. विल्यमच्या पालकांचे खून झाले. परवानगी न घेता जागोजागी मातीचे किल्ले उभे राहिले. १०४७ मध्ये फ्रान्सच्या राजाची मदत घेऊन विल्यमने बंडखोरांना हरवलं आणि त्यांचे किल्ले पाडायला लावले.

१०६६ मध्ये तो समुद्र ओलांडून इंग्लंडवर चालून गेला. लढाईआधीच त्याने हेस्टिंग्जला मातीचा किल्ला उभारायला घेतला. १४ ऑक्टोबरला राजा हॅरॉल्ड मारला गेला आणि नाताळच्या दिवशी विल्यमचा राज्याभिषेक झाला.

पण मूठभर नॉर्मन लोकांनी एवढा देश सांभाळायचा कसा?

उत्तर होतं मातीचा किल्ला. गोल खंदक खणायचा, निघालेली माती मधोमध रचून टेकडी करायची, वर लाकडी मनोरा बांधायचा. पायथ्याशी कुंपण घातलेलं आवार, त्यात सैनिक, घोडे आणि धान्य. दगडी बांधकामापेक्षा हे काम कितीतरी लवकर व्हायचं.

१०६८ मध्ये बंड मोडत जाताना त्याने वॉरिक, नॉटिंगहॅम, यॉर्क, लिंकन अशी किल्ल्यांची रांगच लावली. त्याची किंमत सामान्यांनी मोजली. विल्यमच्याच हुकमाने १०८६ मध्ये झालेल्या जमीन-मोजणीत, म्हणजे ‘डूम्सडे बुक’मध्ये, लिंकनच्या किल्ल्यापायी १६६ घरं गेल्याची नोंद आहे.

याच नोंदींत दुसरी बाजूही दिसते. टटबरीच्या किल्ल्याभोवती फक्त व्यापारावर जगणारे ४२ जण राहत होते. किल्ल्यातल्या माणसांना धान्य, कापड, घोड्यांचे नाल लागायचे. म्हणून अशा अनेक किल्ल्यांच्या दाराशी बाजार भरला आणि वस्ती वाढली. आजही इंग्लंडमधल्या कित्येक गावांत चर्चजवळ गवताने झाकलेली अशी टेकडी दिसते.

९ सप्टेंबर १०८७ ला विल्यम वारला. कॅन शहरात त्याने स्वतः स्थापन केलेल्या मठात दफनविधी सुरू असताना आस्लां नावाचा माणूस पुढे आला. ही जागा आपल्या वडिलांची असून विल्यमने ती बळकावली, अशी तक्रार त्याने सगळ्यांदेखत केली. शेजाऱ्यांनी त्याला दुजोरा दिला. अखेर त्याला पैसे मोजावे लागले, तेव्हाच राजाला साडेतीन हात जागा मिळाली.

लिंकनच्या त्या १६६ घरांसाठी मात्र असं कुणी उभं राहिल्याची नोंद डूम्सडे बुकमध्ये नाही.