चौथे शिवाजी (कोल्हापूर)

चौथे शिवाजी (इ.स. १८६३ – २५ डिसेंबर, इ.स. १८८३) हे कोल्हापूर संस्थानाचे छत्रपती होते. दुसरे राजाराम यांच्या निधनानंतर इ.स. १८७१ मध्ये ते दत्तक आले. पुढे त्यांना वेडे ठरवून कारभार रीजंटाकडे सोपविण्यात आला. महाराजांचा छळ होत असल्याची तक्रार 'केसरी' व 'मराठा' या पत्रांनी मांडली. कारभारी माधवराव बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली; पुराव्याची पत्रे बनावट ठरली आणि इ.स. १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. महाराजांची मात्र सुटका झाली नाही. अहमदनगरच्या किल्ल्यात ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर वयाच्या विसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या गादीवर इ.स. १८८४ मध्ये शाहू महाराज दत्तक आले.