फादर थॉमस स्टीफन्स : समुद्र, माड आणि मराठी

मराठीची थोरवी सांगायची वेळ आली की फादर स्टीफन्स यांच्या ओव्या हमखास आठवतात. मराठी भाषा गौरव दिनाला मुले त्या पाठ म्हणतात, मोठी माणसे भाषणात घालतात. पण त्या लिहिणारा माणूस कोण, कुठला आणि इथवर कसा आला, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. म्हणून या अंकात आम्ही त्यांची ओळख करून देत आहोत.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात, बुश्टन या खेड्यात झाला. वडील लंडनचे व्यापारी होते. तो राणी पहिली एलिझाबेथ हिच्या राज्याचा काळ. राज्याचा पंथ प्रॉटेस्टंट होता आणि जुन्या कॅथलिक पंथाला धरून राहणाऱ्यांच्या वाट्याला दंड नाहीतर तुरुंग येत असे. स्टीफन्स आणि त्यांचे मित्र थॉमस पाउंड हे दोघेही कॅथलिक. दोघांनी रोमला जाऊन जेझुइट संघात प्रवेश घ्यायचे ठरवले. पण निघण्यापूर्वीच पाउंड पकडले गेले आणि त्यांच्या आयुष्याची सुमारे तीस वर्षे तुरुंगात गेली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले आणि १५७५ साली संघात दाखल झाले. हिंदुस्थानात धर्मकार्यासाठी जायचे, ही त्यांची इच्छा होती.

४ एप्रिल १५७९ रोजी पाच जहाजे लिस्बनहून निघाली. त्यांपैकी एकावर स्टीफन्स होते. गोव्याला पोहोचल्यावर, १० नोव्हेंबरला, त्यांनी वडिलांना एक लांबलचक पत्र लिहिले. हॅक्लूट या इंग्रज संग्राहकाने ते पुढे आपल्या प्रवासवर्णनांच्या मोठ्या ग्रंथात छापले, म्हणून आज आपल्याला वाचायला मिळते. धर्मप्रसाराला निघालेल्या तरुणाचे पत्र म्हणजे उपदेशाचे असेल, असे आपल्याला वाटते. पण हे पत्र भरले आहे ते मासे, पक्षी, वारे आणि पाणी यांनी.

गिनीच्या किनाऱ्याजवळ वारा पडला. कडक उन्हात जहाजे कित्येक दिवस जवळजवळ जागच्या जागी होती. अशा वेळी माणूस कंटाळतो, चिडतो. स्टीफन्स मात्र पाण्याकडे पाहत होते. हेरिंगएवढे मासे थव्याने पाण्याबाहेर उडताना त्यांनी पाहिले. पाण्यात मोठे मासे त्यांच्या मागे लागलेले, आणि सुटण्यासाठी वर उडावे तर हवेत पक्षी टपलेले. शार्कच्या पुढे-मागे पहारेकऱ्यांसारखे पोहणारे छोटे मासे, त्याच्या अंगाला चिकटून राहणारे दुसरे मासे, कोंबड्याच्या तुऱ्यासारखा दिसणारा आणि पाण्यावर तरंगणारा विषारी जीव, असे सगळे त्यांनी बारकाईने टिपले. उत्तर-दक्षिण अंतर आकाशावरून काढता येते, पण पूर्व-पश्चिम किती आलो हे समुद्रावर नक्की कळत नाही, ही खलाशांची अडचणही त्यांनी वडिलांना समजावून सांगितली.

आफ्रिकेच्या टोकाशी प्रचंड पक्षी जहाजामागे येऊ लागले. पंख पसरले तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सात विती भरतील एवढे! पण तिथेच मोठे संकट ओढवले. वारा जहाजाला किनाऱ्याकडे रेटू लागला. पाणी उथळ झाले. सुटकेची आशा उरली नाही, आणि तेवढ्यात वारा फिरला. स्टीफन्स यांनी ही देवाची कृपा मानली.

पुढचा प्रवास अधिक कठीण होता. उशीर झाल्यामुळे जहाज मादागास्करच्या बाहेरच्या, लांबच्या मार्गाने गेले. हिरड्या सुजणे, अंग सुजणे अशा दुखण्यांनी सुमारे दीडशे माणसे आजारी पडली आणि सत्तावीस जण दगावले. दिशाही चुकली होती. शेवटी माडाच्या झावळ्या, पाण्यावर पोहणारे साप आणि या बाजूचे पक्षी दिसले, तेव्हा जमीन जवळ आल्याचे कळले. २४ ऑक्टोबर १५७९ रोजी जहाज गोव्याला लागले. भारतात येऊन कायमचा राहिलेला पहिला इंग्रज म्हणून स्टीफन्स यांचे नाव घेतले जाते.

त्या पत्रात त्यांनी एक गंमत लिहिली आहे. द्राक्षाचा वेल सोडला, तर युरोपात पाहिलेले एकही झाड त्यांना इथे आढळले नव्हते. सगळेच अनोळखी! पण चारच वर्षांनी, १५८३ साली, भावाला लिहिलेल्या पत्रात ते माडाविषयी घरच्या माणसासारखे सांगतात. तेल, ताडी, गूळ, साखर, शिर्का, बांधायला काथ्या, छपराला झावळ्या, सगळे या एका झाडापासून मिळते आणि फळ तर बारा महिने! याच पत्रात इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनशी मिळतीजुळती असल्याचेही ते नोंदवतात. विल्यम जोन्स यांनी हेच नाते जगापुढे मांडले, ते त्यानंतर दोनशे वर्षांनी, १७८६ साली.

मात्र सगळेच चित्र गोड नव्हते, हेही आम्ही मुलांना सांगितले पाहिजे. स्टीफन्स यांनी बहुतेक आयुष्य ज्या सासष्टीत घालवले, तिथली देवळे १५६७ साली पोर्तुगीज सत्तेने पाडली होती. लोकांचे धर्मग्रंथही काढून घेतले जात. १५८३ च्या जुलैत कुंकळ्ळीच्या संतापलेल्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार मारले. पुढे पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना ठार करून सूड उगवला. मारल्या गेलेल्या सहकाऱ्यांचे देह परत आणण्याच्या कामात स्टीफन्स होते. ते याच सत्तेच्या आधाराने इथे राहत होते, ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही.

इतके पाहूनही ते लोकांपासून दूर गेले नाहीत. सुमारे चाळीस वर्षे ते त्यांच्यातच राहिले. ज्या कुतूहलाने त्यांनी समुद्र पाहिला, त्याच कुतूहलाने त्यांनी मराठी आणि कोंकणी ऐकली. जुनी पुराणे हातातून गेलेल्या नव्या ख्रिस्ती लोकांना त्यांच्या ओळखीच्या चालीवर काहीतरी हवे होते. स्टीफन्स यांनी त्यासाठी संतांची ओवी निवडली आणि बायबलमधील कथा सुमारे अकरा हजार ओव्यांत गुंफली. त्यांच्या स्वर्गाला त्यांनी वैकुंठ हा इथलाच शब्द वापरला. मराठीचे वर्णन करायची वेळ आली तेव्हा त्यांना रत्ने, फुले, पक्षी आणि झाडे आठवली. जहाजावरून अनोळखी पक्ष्यांकडे पाहणारी नजरच तिथे पुन्हा दिसते, असे आम्हाला वाटते.

हे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. आपले लेखन देवनागरी खिळ्यांत छापावे अशी त्यांची इच्छा होती. १६०८ साली त्यांनी रोमला तशी विनंतीही केली होती. ते जमले नाही आणि पुराण रोमन लिपीत निघाले. १६१९ साली स्टीफन्स गेले. त्यांनी लिहिलेले कोंकणीचे व्याकरण १६४० साली प्रसिद्ध झाले. पुढे १६८४ साली पोर्तुगीजांनी स्थानिक भाषेवरच बंदीचा हुकूम काढला. तरी चर्चमध्ये आणि घरांत पुराण वाचले जात राहिले. त्या पहिल्या छापाची एकही प्रत आज सापडत नाही. लोकांनी हाताने उतरवून घेतलेल्या प्रतींमुळेच तो ग्रंथ वाचला.

विद्यार्थी मित्रांनो, आपण घरात मराठी आणि रस्त्यावर दुसरी भाषा बोलणाऱ्या गावांत वाढतो. कधी कधी मराठी शिकून काय उपयोग, असा प्रश्न तुम्ही विचारता आणि पालकही विचारतात. ज्याला इथले एक झाडही ओळखीचे नव्हते, तो माणूस ही भाषा शिकला आणि तिच्यात आयुष्यभराचे काम करून गेला. पुढच्या वेळी त्या ओव्या म्हणताना त्याची आठवण ठेवा. आणि अंगणातल्या एखाद्या झाडाचे, रोजच्या एखाद्या पक्ष्याचे दहा ओळींत मराठीत वर्णन करून आमच्याकडे द्या. चांगली वर्णने पुढच्या अंकात छापू.